गावच्या पायवाटांचा आराखडा होतोय. सूचना कुणाच्या आणि कशा गोळा कराव्यात?

कातळवाट, भांडुप

नमस्कार मंडळी. माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. सात वाड्यांचं गाव. दोन वाड्या खाली मळ्याला लागून, चार उतारावर, आणि धनगरवाडा अगदी वर, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, कडेला. यंदाच्या विकास आराखड्यात ग्रामपंचायतीने पायवाटा हा विषय स्वतंत्र घेतलाय. सगळ्या वाड्या, शाळा, आरोग्य उपकेंद्र, एसटीचा थांबा, देऊळ, स्मशान हे चालत जायच्या वाटांनी एकमेकांना जोडायचं आणि त्या वाटांची दप्तरी नोंद करायची, असं ठरतंय. सरपंचबाईंनी मुंबई मंडळाला निरोप दिला की तुमच्या सूचना लेखी पाठवा, ग्रामसभेपुढे ठेवते.

त्यासाठी परळला मंडळाची सभा झाली. तिथे बोलणं सगळं गाडीरस्त्याचं झालं. कुणाच्या दारापर्यंत गाडी जाते, कुणाच्या जात नाही, कुणाच्या खळ्यापुढे वळायला जागा नाही. ते बोलणं चूक आहे असं मी म्हणत नाही. गणपतीत लहान मुलं आणि सामान घेऊन येणाऱ्याला गाडी लागतेच. पण बाकीचं वर्षभर गावात जे राहतात ते चालतात, आणि त्यांच्यापैकी त्या सभेत कुणीच नव्हतं. पायवाटांचं मीच लावून धरलं होतं, म्हणून कागद लिहायचं काम माझ्याकडे आलं. मला तो कागद नीट लिहायचा आहे. आईचं वय ऐंशीच्या पुढे आहे, ती अजून रोज खालच्या विहिरीवर जाते.

माझी नोकरी भांडुपच्या डोंगरावरच्या वस्त्यांत गेली, टेंभीपाडा, खिंडीपाडा, त्या बाजूला. आरोग्य सेविकेचं काम, म्हणजे पायऱ्या चढून घरोघर जायचं. तिथे एक गोष्ट पक्की कळली. पायरी उंच असली तरी माणूस सवयीने चढतो, पण पायऱ्या एकसारख्या नसल्या की पडतो. दहा पायऱ्या सारख्या आणि अकरावी दोन बोटं उंच असेल, तर हंडा तिथेच सांडतो आणि गुडघाही तिथेच फुटतो. दिवस भरत आलेली बाई चढताना कुठे थांबून दम खाते ते चार दिवस बघितलं की कठडा कुठे हवा आणि बसायला कट्टा कुठे हवा ते कळतं. कार्यालयात बसून नकाशा बघितला तर हे दिसत नाही.

आता आमच्या वाटा. शाळेची वाट वरच्या वाडीतून पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडून येते. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं शिक्षण हक्काचे नियम सांगतात. आमची आहेही तेवढ्यात. पण मध्ये पऱ्या आहे आणि त्यावर पोफळीची दोन खोडं आडवी टाकलेली. आषाढात पाणी चढलं की मुलं घरी. कागदावर शाळा जवळ आहे, म्हणून कुणी त्याची दखल घेत नाही.

एसटीच्या थांब्याकडे उतरणारी घाटी आहे, तिच्यावर काही वर्षांपूर्वी सिमेंट ओतून पाखाडी, म्हणजे बांधीव पायवाट, केली. उतारावर गुळगुळीत सिमेंट, पाणी काढायला गटार नाही. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैमध्ये त्या पाखाडीवर हिरवं शेवाळ धरतं आणि बायका पाखाडी सोडून बाजूच्या गवतातून चालतात, कारण गवतात निदान पाय रोवता येतो. गवतात फुरसं असतं हे त्यांना माहीत असतं, तरी त्या तिथूनच जातात.

सड्यावरची वाट वेगळीच. कातळावर पिढ्यान्‌पिढ्या पाय पडून एक पट्टा गुळगुळीत झालाय, तीच वाट. धनगरवाड्यातली माणसं त्या वाटेने पलीकडच्या गावच्या दवाखान्यात जातात. धुकं उतरलं की काही दिसत नाही. तिथे काही बांधू नये असं माझं मन सांगतं. अंतरा-अंतरावर दगड रचून खुणा केल्या तरी पुरे.

आणि ज्याच्यामुळे हा विषय निघाला ते म्हणजे तारेचं कुंपण. पूर्वी दगड रचलेला गडगा असायचा. तो ओलांडायच्या जागी दोन चिरे बाहेर काढलेले असत, त्यावर पाय ठेवून माणूस पलीकडे जाई, गुरं जात नसत. आता काही बागा विकल्या गेल्या, नव्या मालकांनी चारी बाजूंनी जाळी मारली. आमच्या वाडीतून देवळाकडे जाणारी वाट अशीच तुटली. सरपण आणणाऱ्या बायका डोक्यावर भारा घेऊन सगळ्या बागेला वळसा घालतात.

माझं मत स्पष्ट आहे. आम्हा मुंबईकरांच्या सूचना दुसऱ्या पानावर याव्यात, रोज चालणाऱ्यांच्या पहिल्या पानावर. पण त्या मिळवायच्या कशा? ग्रामसभेत बायका मागे बसतात आणि धनगरवाड्यातून एखादाच माणूस येतो. मुलांना तर कुणी विचारतच नाही. ज्यांच्या गावी असं काही झालंय त्यांनी लिहावं. वाट दप्तरी कशी आणायची तेही सांगा. आणि बांधकामातलं कळणाऱ्यांनी पावसात टिकेल अशी पाखाडी कशी करतात ते लिहा.

तुटकरेषा, दहिसर

ताई, मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. दप्तराचं तेवढं सांगतो.

पहिलं काम, तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढा. एका तुटक रेषेने दाखवलेली ती पायवाट. सोबत सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची टोपोशीट घ्या, तिच्यावरही पायवाटा दाखवलेल्या असतात. दोन्ही शेजारी ठेवून वाडीतल्या जुन्या माणसांसमोर बसा. नकाशावर आहे आणि पायाखाली नाही अशी वाट सापडेल, आणि पायाखाली आहे पण नकाशावर नाही अशीही सापडेल. दोन्हींची यादी वेगळी ठेवा, कारण पुढचा मार्ग वेगळा आहे.

नकाशावरची वाट बुजवली असेल तर ते उघड अतिक्रमण आहे. नकाशावर नसलेल्या पण वहिवाटीच्या वाटेसाठी भारतीय सुखाधिकार अधिनियम १८८२ बघा. कलम १५ प्रमाणे एखाद्याने आपल्या जमिनीकडे जाण्यासाठी वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, खंड न पडता, हक्काने वाट वापरली असेल तर हक्क तयार होतो. कलम १८ स्थानिक रूढीने मिळालेल्या हक्काचं आहे. सगळी वाडी वापरते त्या वाटेला ते जास्त जवळचं.

शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट अडवली गेली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. कोकणात इथेच घोटाळा होतो. आता कशाला वाकडेपणा, शिमग्याला सगळे जमले की बोलू, असं म्हणतात आणि मुदत निघून जाते. मग दिवाणी न्यायालय, आणि तिथे किती वर्षं जातात ते तुम्हाला माहीत आहे. महसूल संहिता १९६६ चं कलम १४३ लोक याच कामासाठी लावायला बघतात, पण ते ज्याच्या शेताला वाटच नाही त्याला बांधावरून नवी वाट देण्यासाठी आहे. अर्ज चुकीच्या कलमाखाली गेला की नुसता फिरत राहतो.

आता मुद्द्याचं. ग्रामपंचायतीकडे नमुना २३ असतो, ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही. तिथे वाट चढली की ती ग्रामपंचायतीची म्हणून ओळखली जाते आणि तिच्यावर पैसे खर्च करायला आधार मिळतो. वाट खाजगी सर्व्हे नंबरातून जात असेल तर जमीनमालकांचं संमतीपत्र लागतं, सगळ्या सहहिस्सेदारांचं. कोकणातल्या सातबारावर एकेका नंबराला वीस-पंचवीस नावं असतात आणि निम्मी मुंबईत. गावात राहणारा चुलता सही करायला तयार असतो, पण नालासोपाऱ्यातल्या पुतण्यांची सही कोण आणणार, म्हणून काम अडतं. मुंबई मंडळाने सूचना कमी पाठवल्या तरी चालेल, या सह्या आणून दिल्या तर निम्मं काम झालं.

कातळवाट, भांडुप

काका, फार मोलाचं लिहिलंत. माझंच नाव वडिलांच्या पश्चात सातबारावर आहे, आणि त्या नंबरातून विहिरीची वाट जाते. आजवर माझी सही कुणी मागितली नाही आणि द्यायची असते हे मलाही कुणी सांगितलं नाही. सहा महिन्यांचं कलम तर आजच सरपंचबाईंना कळवते. एका बागेचं कुंपण अलीकडचं आहे.

सहाणेवरचा, गिरगाव

मी शिक्षक होतो, गाव संगमेश्वराकडचं. ताई, वाटांचं जाळं नव्याने आखायला बसू नका, ते गावात आहे. शिमग्यात पालखी घरोघर फिरते. कुठल्या घरातून निघून कुठल्या घरी जायची, कुठल्या वळणावर थांबायची, हे ठरलेलं असतं. पालखीची वाट कुणी अडवत नाही. ज्याने तारेची जाळी मारली तोही त्या दिवशी बेडं काढून ठेवतो. रूढीचा हक्क म्हणतात त्याचा याहून मोठा पुरावा कुठला? पालखी नाचवत जाते म्हणजे वाटेला रुंदीही पुरेशी असते. मानकऱ्यांना बसवून ती वाट नकाशावर उतरवून घ्या, जवळजवळ सगळी घरं जोडली जातील.

पऱ्यापलीकडे, कन्नमवार नगर

गुरुजी, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहितो. 'जवळजवळ सगळी घरं' यातून जी सुटतात ती आमची असतात.

माझं गाव लांजा तालुक्यात, आमची बौद्धवाडी. १९५६ नंतर आमच्या माणसांनी देवळाची कामं सोडली. पालखी आमच्या वाडीत येत नाही आणि ती यावी असं आमचं मागणंही नाही. पण गावातल्या वाटा बांधायला काढल्या तेव्हा हेच झालं. देवळाकडे जाणाऱ्या वाटांचा पहिला टप्पा झाला, कारण त्यांना सगळ्यांची संमती होती. आमचा साकव, म्हणजे पऱ्यावरचा लहान पूल, दुसऱ्या टप्प्यात टाकला. माझे चुलते गेले तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातून त्यांना पलीकडे न्यावं लागलं. आमचं स्मशानही वेगळं आहे. तुमच्या कागदात 'स्मशानाची वाट' असं एकच लिहिलंत तर गावातला कुणीही एकच वाट समजेल. प्रत्येक वाडीचं स्मशान वेगळं असेल तर तेवढ्या वाटा नावानिशी लिहा.

ताई, सूचना कशा गोळा कराव्यात विचारलंत म्हणून सांगतो. ग्रामसभेची वाट बघू नका. प्रत्येक वाडीत त्या वाडीच्या सोयीच्या वेळी बसा, आमच्याकडे विहारात, धनगरवाड्यात गुरं परत आल्यावर. लिहून घेणारा माणूस त्याच वाडीतला असू दे. आणि सुरुवात सगळ्यात लांबच्या वाडीपासून करा. जवळच्या वाडीपासून सुरू झालेलं काम लांबच्या वाडीपर्यंत पोचायच्या आत पैसे संपतात.

सहाणेवरचा, गिरगाव

तुमचं म्हणणं पटलं. ज्या वाडीत पालखी जात नाही तिथून आखणी सुरू व्हावी. पालखीच्या वाटांना कुणाचा विरोध नसतो, त्या मागाहूनही नोंदवता येतील.

मळेकर, मुक्काम गावी

मी गावात राहतो, काजूची बाग आहे, थोडी कलमं आहेत. मुंबईकर गावच्या वाटांबद्दल इतकं बोलतायत ते बघून बरं वाटलं, पण दोन गोष्टी आमच्या बाजूनेही ऐका.

मीपण कुंपण घातलंय. पूर्वी गुरांमागे राखणीला पोरगा असे, आता गुरं मोकाट. शिवाय रानडुकरं आणि वानरं. कलमं लावून पाच वर्षं वाढवायची आणि एका रात्रीत साफ, हे कुणाला परवडेल? कुंपण घालणारा प्रत्येक जण वाट अडवायला बसलेला नाही. वाटेच्या जागी माणूस जाईल पण गुरं जाणार नाहीत असं फिरतं फाटक करून द्या, मी उद्या जाळी कापतो. फाटकाचा खर्च मात्र बागवाल्यावर टाकू नका, तो वाटेच्या अंदाजपत्रकात धरा. एवढं केलं तर निम्मे बागवाले संमती देतील, मी खात्रीने सांगतो.

दुसरं, गाडीरस्ता नको असं कुणी लिहू नका. १०८ ची गाडी फाट्यावर येऊन थांबते. तिथपर्यंत माणसाला प्लॅस्टिकच्या खुर्चीला बांबू बांधून आम्हीच आणतो, आणि गावात उचलणारे हात आता किती आहेत? वरच्या वाडीत सगळी साठीच्या पुढची माणसं. ज्या वाडीला रस्ता जाऊ शकतो तिथे रस्ता हवाच. जिथे जाऊ शकत नाही तिथली पाखाडी एवढी रुंद हवी की खुर्ची घेऊन चौघं वळणावर अडकणार नाहीत. बांधणाऱ्याने बांधायच्या आधी एकदा खुर्ची घेऊन त्या वाटेने चालून दाखवावं.

आणि बेणणीचं काय? वाट बांधली तरी दिवाळीपर्यंत दोन्ही बाजूंचं गवत डोक्यावर येतं. पूर्वी वाडी मिळून एक दिवस बेणायची, आता वाडीत माणसं नाहीत. श्रावणात एकदा आणि दिवाळीआधी एकदा बेणणीची मजुरी आराखड्यातच दरवर्षी धरली नाही तर ही सगळी मेहनत फुकट जाईल.

कातळवाट, भांडुप

दादा, तुमचा निरोप मी शब्दशः कागदात घालते. फाटकाचं तर मला सुचलंच नसतं. गाडीरस्ता नको असं माझं म्हणणं नाही, रस्ता आणि पायवाट एकमेकांच्या आड येऊ नयेत एवढंच. आमच्याकडे रस्ता रुंद करताना जेसीबीने कडेची जुनी पाखाडी उकरून टाकली आणि वरच्या चार घरांची वाट रस्त्यापाशी येऊन तुटली. आता तिथे छातीएवढी उभी दरड आहे. रस्त्याचं काम होईल तिथे पायवाट जिथे येऊन मिळते तिथे पायऱ्या करून द्याव्यात, हे त्याच अंदाजपत्रकात हवं.

चिरेबंदी, डोंबिवली

स्थापत्य अभियंता आहे, बरीच कामं रत्नागिरी जिल्ह्यात केली. थोडक्यात सांगतो. पायरीची उंची १५ सेंटिमीटर, पाऊल ठेवायची जागा निदान ३० सेंटिमीटर, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच माप. ताईंनी एकसारखेपणाचं लिहिलंय ते अगदी बरोबर. दहा-बारा पायऱ्यांनंतर सपाट टप्पा द्या, तिथेच कट्टा बसतो.

पाखाडी खराब होते ती पाण्याने. डोंगराकडच्या बाजूला गटार आणि ठरावीक अंतरावर पाणी आडवं पलीकडे काढायला मोरी, हे केलं नाही तर पाखाडीचाच पऱ्या होतो. पैसे कमी असतील तर पाखाडीची लांबी कमी करा, गटार कमी करू नका. शक्य तिथे जांभ्याचे चिरे वापरा. खडबडीत असतात, पाय धरतात, आणि एखादा झिजला तर तेवढाच बदलता येतो. सिमेंटच करायचं असेल तर ओलं असताना खराट्याने आडवे ओरखडे मारून घ्या. शेवाळ दोन्हींवर येतं, पावसाळ्यात मधून मधून ब्लीचिंग पावडर टाकून घासावंच लागतं, पण खरखरीत पृष्ठभागावर निदान घसरत नाही. रुंदी खुर्चीच्या हिशेबाने पाच फूट धरा. वळणावर जास्त.

पऱ्यावरचा साकव ग्रामपंचायतीच्या पैशात होणार नाही. साकवांसाठी जिल्हा नियोजनातून निधी मिळतो, त्याचा प्रस्ताव वेगळा करा. साकवाची उंची ठरवताना पूर कुठपर्यंत येतो ते काठावरच्या घरातल्या माणसाला विचारा आणि झाडावर खूण करून फोटो घ्या. उन्हाळ्यात मोजणी करणाऱ्याला कोरडा पऱ्या दिसतो.

यॉर्कशायरहून परत, ठाणे

काही वर्षं इंग्लंडमध्ये होते, तिथलं एक सांगावंसं वाटतं. तिथे शेतांमधून, खाजगी कुरणांमधून पायवाटा जातात आणि त्या सार्वजनिक असतात. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला अशा वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावला, आणि बऱ्याच ठिकाणी ती पाहणी गावच्या पॅरिश कौन्सिलने, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेने, वाटा चालून केली. एकदा वाट नकाशावर चढली की जमीन विकली गेली तरी वाट राहते. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास आहेत. पायवाटेच्या खांबावर पिवळा बाण, घोड्यावरून जाता येईल अशा वाटेला निळा. मळेकर दादांनी म्हटलंय तशी फाटकं जागोजागी असतात, गुरं आत राहतात आणि माणसं जातात. तिथल्या शेतकऱ्यांचीही वाटांबद्दल कुरकुर असते, पण वाट आहे की नाही यावर वाद घालायला फारशी जागा उरत नाही, कारण नकाशा आहे.

तुटकरेषा, दहिसर

बाईंनी चांगला मुद्दा आणला. आपल्याकडेही विक्रीखत होण्याआधी वाट नमुना २३ ला चढलेली असेल आणि तिची मोजणी झालेली असेल तर नव्या मालकाला ती नाकारणं जड जातं. म्हणून ज्या बागांच्या विक्रीची बोलणी चालू आहेत त्यांतल्या वाटा आधी नोंदवा. गावात कोण विकतोय हे सगळ्यांना माहीत असतं.

रानफूल, चेंबूर

ताई, सड्यावरच्या वाटेवर काही बांधू नका हे वाचून आनंद झाला. राजापूर तालुक्यातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ ही नावं युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ मध्ये गेली आहेत. तुमच्या सड्यावर आजवर कुणाला काही दिसलं नसलं तरी धनगरवाड्यातल्या मुलांना विचारा, कातळावरच्या रेघा त्यांनाच ठाऊक असतात. वाटेच्या खुणा करायला दगड रचताना कातळ खोदू नका आणि तेलरंगाने बाणही काढू नका. सुटे दगड रचले तर पुरतील. आणि सड्यावर श्रावण-भाद्रपदात फुलं येतात तेव्हा लोक गाड्या थेट वर घालतात, त्या ज्या ठिकाणी वर चढतात तिथे मोठे चिरे आडवे टाकायला ग्रामपंचायतीला सांगा.

कातळवाट, भांडुप

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून कागद लिहिला. काय लिहिलंय ते इथे सांगते, कुणाला काही खटकलं तर सांगा.

सूचना ग्रामसभेत मागवायच्या नाहीत, वाडीत जाऊन घ्यायच्या, धनगरवाडा आणि बौद्धवाडी आधी. महिलांची ग्रामसभा मुख्य ग्रामसभेच्या आधी होतेच, तिच्यात हाच एक विषय ठेवावा, आणि त्याआधी सरपंचबाईंनी किंवा सदस्यांपैकी कुणी एकदा सरपणाच्या वेळी आणि एकदा पाण्याच्या वेळी बायकांबरोबर चालावं. मी गावी जाईन तेव्हा मीही चालणार आहे. मुलांसाठी गावच्या शाळेतल्या गुरुजींना विनंती केलीय की चौथी-पाचवीच्या मुलांकडून घर ते शाळा अशी चित्रं काढून घ्यावीत आणि वाटेत कुठे भीती वाटते तिथे लाल खूण करायला सांगावं. भांडुपला आम्ही पाण्याच्या नळांसाठी असं केलं होतं, मुलं मोठ्यांपेक्षा खरं सांगतात.

बांधायचा क्रम मी असा सुचवलाय. पहिला पऱ्यावरचा साकव, त्याचा प्रस्ताव जिल्हा नियोजनाकडे. मग बौद्धवाडीची स्मशानाची वाट. मग घाटीवरच्या पाखाडीला गटार, नवी पाखाडी नाही, आहे तीच खरखरीत करून घ्यायची. सड्यावर फक्त दगडांच्या खुणा. फाटकं आणि बेणणी हे दोन वेगळे खर्च दरवर्षीसाठी. गाडीरस्त्याबद्दल मंडळातल्या लोकांनी जे मागितलं तेही लिहिलंय, दुसऱ्या पानावर. अध्यक्षांना ते आवडलं नाही. पण मी त्यांना सांगितलं, की त्यांच्या आईला देवळात जाताना आता कोण हात धरतं ते त्यांनी फोन करून विचारावं. त्यांनी विचारलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी कागदावर सही करून दिली.

मंडळाने सह्यांचं काम अंगावर घेतलंय. पहिल्या टप्प्यातल्या वाटा ज्या सर्व्हे नंबरांतून जातात त्यांचे सातबारा ऑनलाइन काढून झाले. नावं मोजायला बसलो तर बहुतेक माणसं दिवा, नालासोपारा, विरार आणि इकडे भांडुप-कांजूरमार्गला निघाली. दोन नावांची माणसं हयात नाहीत, त्यांच्या वारसांची नोंदच झालेली नाही. त्यासाठी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज आधी करावा लागेल ना, काका? आणि तोवर बाकीच्या सहहिस्सेदारांची संमतीपत्रं घेऊन ठेवली तर चालतील का?

ज्यांच्या गावी पायवाटेसाठी संमतीपत्रं झाली आहेत त्यांनी मसुदा टाकला तर बरं होईल. वाटेची रुंदी, सर्व्हे नंबर आणि कुठल्या बाजूच्या बांधावरून हे स्पष्ट लिहिलेला हवा. येत्या रविवारी दुपारी दिव्याला पाच घरी जायचं ठरलंय, शनिवारपर्यंत मसुदा मिळाला तर तोच छापून नेते.